जुन्या मालट्रकची ज्ञानेंद्रिये

कल्याणहून बदलापूरकडे जाणारा रस्ता उल्हासनगर व अंबरनाथ ओलांडून पुढे जातो. या रस्त्याने तुम्ही कधी गेला असाल, तर कडेला बॉनेट उघडून उभे असलेले मालट्रक तुम्ही पाहिलेच असतील. अंबरनाथ आणि बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींचा माल वाहणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती याच पट्ट्यात चालते. उल्हासनगरचा तर जन्मच एका लष्करी छावणीतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. आजही तेथील माणसे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असेच सांगतात.

अशाच एका गॅरेजमध्ये काही वर्षांपूर्वी मी शाळेतील नववीच्या दहाबारा मुलांना घेऊन गेलो होतो. विषय होता 'रोध आणि तापमान'. पुस्तकातील आकृत्या पाहून मुले कंटाळली होती, म्हणून प्रत्यक्ष वस्तू दाखवावी असा बेत. तेथे एका जुन्या डिझेल ट्रकचे इंजिन खोलून ठेवलेले होते. सिलिंडर हेड वाकले होते, हेडखालचे गॅस्केट जळाले होते आणि दोन पिस्टन त्यांच्या नळकांड्यांत घट्ट बसले होते. गाडीचा मालक शेजारी स्टुलावर बसून होता. गाडी तोच चालवीत असे. खोपोलीहून माल भरून कर्जत-वांगणी मार्गे बदलापूरला परत येताना हा प्रकार घडला होता.

"गरम झाल्याचं कळलं नाही का हो, काका?" एका मुलाने विचारले.

"कसं कळणार, बाळा? काटा तर खालीच होता," तो म्हणाला. "वांगणीपर्यंत मी दर दोन मिनिटांनी बघत होतो. काटा वर चढायच्या ऐवजी उतरत गेला. मला वाटलं, बरं झालं, संध्याकाळची हवा लागली."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. इंजिन जळत होते आणि तापमापकाचा काटा मात्र थंडपणा दाखवीत होता. मीटर बिघडला होता काय? मिस्त्रींनी तो आमच्यासमोर तपासला. मीटर उत्तम होता. इंजिनावरचा संवेदकही उत्तम होता. तारही तुटलेली नव्हती. मग हे झाले कसे? उत्तर लगेच सांगत नाही. आधी या ट्रकच्या अंगावर कोणती ज्ञानेंद्रिये कोठे बसविलेली असतात ते पाहू. ते नीट पाहिलेत, तर उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.

आपल्याकडील जुना ट्रक म्हटला की डोळ्यासमोर टाटांची गाडी येते. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेटपूर येथे ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. हा करार १९६९ मध्ये संपला व त्यानंतर मर्सिडीजच्या तारकेच्या जागी टाटांचे चिन्ह आले. पुढे '१२१०' हा ट्रक घरोघरी नव्हे, पण गावोगावी नक्कीच माहीत झाला. या अंकांचा अर्थ सोपा आहे : पहिले दोन अंक मालासह एकूण वजन सुमारे १२ टन असे सांगतात आणि पुढचे दोन इंजिनाची शक्ती, सुमारे १०० अश्वशक्ती.

या पिढीच्या गाड्यांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंजिनाला डिझेल किती व केव्हा द्यायचे हे सारे पंपातील दट्टे, स्प्रिंगा व वजने यांच्या जोरावर ठरते. तेथे वीज लागत नाही. एकदा इंजिन सुरू झाले की गाडीतील झाडून साऱ्या तारा कापून टाकल्या तरी ते चालतच राहील. बंद करायचे झाल्यास दोरी ओढून डिझेल तोडावे लागते. १ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या गाड्यांना 'भारत स्टेज ६' हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्या गाड्यांत संवेदकाने सांगितल्यावाचून इंजिन एक थेंबही डिझेल घेत नाही. जुन्या ट्रकमध्ये संवेदक फक्त माणसाशी बोलतात. म्हणूनच ते बिघडले तरी गाडी अडत नाही, आणि गाडी अडत नाही म्हणून कोणी ते दुरुस्तही करीत नाही. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत डोकावून पाहा. निम्मे काटे झोपलेले आढळले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता शोधाला लागू. संवेदक कोठे असेल हे पाठ करण्याची गरज नाही. दर वेळी एकच प्रश्न विचारायचा : जी राशी मोजायची आहे ती खरी कोठे सापडेल?

प्रथम वंगणतेलाचा दाब घ्या. तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात साठलेले असते. पंप ते उचलून गाळणीतून एका लांब बोगद्यात ढकलतो. हा बोगदा सिलिंडर ब्लॉकच्या ओतीव लोखंडातच, लांबीच्या दिशेने कोरलेला असतो व त्यातून फाटे फुटून तेल बेअरिंगांना मिळते. दाब मोजायचा तो या बोगद्यातला. पात्रात मोजून उपयोग नाही, कारण तेथे दाब नसतोच. तेव्हा ब्लॉकच्या बाजूला तेलाची गाळणी शोधा. तिच्या आसपास, ब्लॉकमध्ये आटे पाडून बसविलेला पितळी वा जस्ताचा मुलामा दिलेला षट्कोनी तुकडा दिसेल. त्याच्या डोक्यावर एक तार असेल. हाच ऑइल प्रेशरचा संवेदक. काही गाड्यांत तारेऐवजी तेथून बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत गेलेली असते. तसे असेल तर तेथे विजेचा संबंध नाही. मीटरच्या आत वाकवलेली एक चपटी नळी असते. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की कशी उलगडते ते आठवा. दाब वाढला की ही नळी तशीच किंचित उलगडते व काटा सरकवते. १८४९ मध्ये एउजेन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने या युक्तीचे एकस्व घेतले. आजही वायुदाबाच्या टाक्यांवर आणि पंपांवर तीच नळी काम करते.

विजेवर चालणाऱ्या तैलदाब संवेदकाच्या आत एक पातळ पडदा असतो. तेलाने पडदा फुगला की एक लहानशी तरफ हलते व तिचे टोक तारेच्या वेटोळ्यावर सरकते. वेटोळ्याचा किती भाग मंडलात राहील ते त्यावर ठरते. प्रयोगशाळेतील सरकता रोधक तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच धाकटा भाऊ. एका फार प्रचलित जातीत दाब शून्य असता रोध सुमारे १० ओहम व पूर्ण दाबाला सुमारे १८० ओहम असतो. इंजिन तापलेले असून मंद फिरत असेल तर दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅमच्या आसपास आणि वेगात असता ३ ते ५ किलोग्रॅम भरतो. हे आकडे ढोबळ आहेत, गाडीगाडीप्रमाणे ते बदलतात.

त्याच बोगद्यावर बहुधा आणखी एक लहान तुकडा असतो. त्याला मिस्त्री लोक 'ऑइल स्विच' म्हणतात. हा मोजमाप करीत नाही, फक्त हो किंवा नाही सांगतो. दाब नसताना आतले टोक चिकटलेले असते व मीटरजवळचा लाल दिवा लागतो. दाब आला की टोक सुटते व दिवा विझतो. चावी फिरवली, इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर समजा की दिवा गेला आहे किंवा तार तुटली आहे. बऱ्याच चालकांना दिवा न लागणे हे शुभलक्षण वाटते, ते तसे नाही.

आता तापमान. रेडिएटरमध्ये थंड झालेले पाणी खालच्या नळीतून इंजिनात शिरते, सिलिंडरांभोवती फिरत फिरत तापते, वर हेडमध्ये येते आणि पुढच्या बाजूने वरच्या नळीतून रेडिएटरकडे परत जाते. सर्वांत तापलेले पाणी कोठे मिळेल? हेडमधून बाहेर पडण्याच्या जागी. पण येथे एक पेच आहे. बाहेर पडण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचे एक दार असते. इंजिन थंड असेपर्यंत ते मिटलेले असते, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरते. संवेदक या दाराच्या पलीकडे, रेडिएटरच्या बाजूला बसवला तर काय होईल? दार अडकून मिटलेलेच राहिले तर आत पाणी उकळेल व पलीकडचा संवेदक शांत राहील. म्हणून तो दाराच्या अलीकडे, इंजिनाच्या अंगाला बसवितात. थर्मोस्टॅटच्या घराखाली किंवा हेडच्या पुढच्या टोकाशी पाहा, म्हणजे तेलाच्या संवेदकासारखाच, पण खाली बोंडासारखे टोक असलेला तुकडा दिसेल. गॅरेजमध्ये याला 'बल्ब' म्हणतात. आत दिवा नसतो, पण नाव पडले ते पडले.

या बोंडात धातूंच्या ऑक्साइडांची एक टिकली असते. तिला थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापवली तर तिचा रोध वाढतो हे तुम्ही शिकला आहात. टिकलीचे वागणे याच्या उलट. ती तापली की विद्युत्‌भार वाहून नेणारे कण अधिक संख्येने मोकळे होतात व रोध घटतो. एका प्रचलित जातीत ६० अंश सेल्सिअसला रोध सुमारे १३० ओहम, ८० अंशांना सुमारे ७० आणि १०० अंशांना ४० च्या जरा खाली असतो. आकडे पाहा : दर २० अंशांना रोध जवळजवळ निम्मा होतो. आलेख काढलात तर सरळ रेषा येणार नाही, घसरगुंडीसारखी वक्ररेषा येईल. म्हणूनच मीटरवरच्या खुणाही सारख्या अंतरावर नसतात.

डिझेलचा संवेदक शोधणे सर्वांत सोपे. चाकांच्या मधोमध, चासीच्या बाजूला टाकी टांगलेली असते. टाकीच्या माथ्यावर रुपयापेक्षा बरीच मोठी गोल चकती स्क्रूंनी आवळलेली दिसेल. तिच्याखाली लांब दांड्यावर तरंगता गोळा असतो. गोळा वरखाली झाला की दांडा वेटोळ्यावर सरकतो. येथेही अनेक गाड्यांत रिकाम्या टाकीला १० ओहम व भरलेल्या टाकीला १८० ओहम असा हिशेब असतो. अमेरिकी पद्धतीत उलटा कारभार : रिकाम्याला २४० व भरलेल्याला ३३. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानातून चुकीची जात आणून बसवली तर टाकी भरत जाईल तसा काटा खाली जाईल. या चकतीवर बहुधा दोन तारा असतात. एक मीटरची आणि दुसरी चासीला जोडलेली. इंजिनावरच्या संवेदकांना मात्र एकच तार पुरते, कारण त्यांचे अंग लोखंडात आटे धरून बसलेले असते आणि परतीचा प्रवाह त्या लोखंडातूनच जातो. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसलेली असते, तिला लोखंडाचा भरवसा नाही.

चढावर टाकीतले डिझेल एका बाजूला कलते, तेव्हा बोरघाटात हा काटा थोडा लहरी वागतो. जुने चालक त्याच्यावर विसंबत नाहीत. ते टाकीत पट्टी बुडवून पाहतात. त्यांची काळजी रास्त आहे. पेट्रोलच्या गाडीत इंधन संपले तर भरून पुन्हा निघता येते. डिझेल गाडीत टाकी कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते. पंप द्रवाला दाबून फवारू शकतो, पण हवा नुसती दबते आणि फुगते, फवारा उडतच नाही. याला चालकांच्या भाषेत 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. मग स्क्रू सैल करून हाताने पंप मारीत हवा काढीत बसावे लागते, आणि तेही रात्री घाटात.

राहिलेली मंडळी थोडक्यात. ब्रेकसाठी लागणारी दाबाची हवा चासीखालच्या टाक्यांत असते. तिचा मीटर बहुतेक वेळा बूर्दाँच्या नळीचाच असतो. टाक्या भरल्या की ७ ते ८ किलोग्रॅम दाब दिसतो. तो फार उतरला की भोंगा वाजतो वा दिवा लागतो. त्याचा स्विच टाकीवर किंवा हवेच्या नळीवर सापडेल. मागचे लाल दिवे पेटविणारा स्विचही हवेच्याच वाटेवर असतो. उलट्या गियरचा स्विच गियरबॉक्सवर. वेगमापकाची मौज मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. गियरबॉक्सच्या मागच्या टोकापासून एक लवचीक केबल मीटरपर्यंत जाते आणि तेथे एक चुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श नसतो. ॲल्युमिनियमला तर चुंबक ओढत नाही. तरी वाटी चुंबकामागे वळू पाहते! फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरे-प्रवाह निर्माण होतात व ते तिला खेचतात. एक नाजूक स्प्रिंग तिला अडवून धरते. वेग जितका जास्त, तितकी वाटी अधिक वळते. फॅरेडेचा शोध मालट्रकच्या काचेमागे असा दिवसरात्र राबत असतो.

इंजिनाचे फेरे मोजण्याची अडचण निराळी. पेट्रोल इंजिनात ठिणग्या मोजून फेरे कळतात. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. म्हणून जेथे फेऱ्यांचा मीटर असतो तेथे तो आल्टर्नेटरकडून स्पंदने घेतो, किंवा फ्लायव्हीलच्या घरात एक चुंबकी संवेदक बसवतात. चाकाचा एकेक दात त्याच्यासमोरून गेला की एक स्पंदन. समजा दाते १२० आहेत आणि इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते आहे. सेकंदाला किती स्पंदने? वहीत करून पाहा. उत्तर ३,००० आले पाहिजे.

आता तपासणी. मीटर चुकीचे दाखवतो तेव्हा दोष तीन ठिकाणी असू शकतो : मीटर, तार किंवा संवेदक. जुन्या ट्रकमध्ये तारांच्या रंगांवर मुळीच विश्वास ठेवू नका. वीस वर्षांत तीन मिस्त्रींनी हाताशी आली ती तार जोडलेली असते. आमच्या मिस्त्रींची रीत मला आवडली. त्यांच्या डबीत काही रोधक होते, २ वॉटचे, ६८ ओहम आणि ३९ ओहम किमतीचे. त्यांनी बल्बवरची तार काढली व तिचे टोक ६८ ओहमच्या रोधकातून इंजिनाच्या लोखंडाला लावले. चावी फिरवताच काटा ८० अंशांच्या जवळ गेला. ३९ ओहम लावताच १०० जवळ. म्हणजे मीटर ठीक, तारही ठीक. "हा माझा खोटा बल्ब," ते हसून म्हणाले. "मीटरला काय, ओहम मिळाल्याशी मतलब." बरेच जण तार थेट लोखंडाला टेकवून पाहतात. क्षणभर चालून जाते, पण काही इंग्रजी धर्तीच्या मीटरांत पट्टी तापवणारे वेटोळे असते व ते तेवढ्याने जळू शकते. असा मीटर ओळखायचा कसा? चावी फिरवल्यावर काटा टुणकन उडी मारील तर आत वेटोळ्यांची चुंबके आहेत. सावकाश, आळस देत चढला तर तापणारी पट्टी आहे.

एकदा तार तुटली तर काय दिसेल? मंडल उघडे पडले, म्हणजे रोध अपार झाला. तापमापक म्हणेल 'थंड'. १० ते १८० ओहमचा डिझेलमापक म्हणेल 'टाकी भरलेली'. तैलदाबमापक म्हणेल 'दाब उत्तम'. तिन्ही बातम्या गोड आणि तिन्ही खोट्या. तार पूर्ण तुटायलाच हवी असेही नाही. जोडावर गंज चढला तरी रोध वाढतो व काटे थोडे थोडे त्याच बाजूला झुकतात. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर, किंवा २७ जुलै २०१९ चा, ज्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती, असे पूर ओसरतात, चिखल धुतला जातो, पण तारांच्या जोडांत शिरलेले पाणी हिरवट गंजाच्या रूपाने मागे राहते. आणखी एक दोष माणसाच्या हाताने होतो. गळती थांबावी म्हणून संवेदकाच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढे घालतात. टेप विजेची दुर्वाहक. वेढे जास्त झाले की संवेदकाचा लोखंडाशी संबंध कमजोर होतो, परतीची वाट अडते आणि पुन्हा काटा खाली.

आता त्या जळालेल्या इंजिनाकडे वळू. मीटर ठीक, तार ठीक, बल्ब ठीक, जोड स्वच्छ. मुलांनी डोके खाजवले. एकीने विचारले, "मिस्त्रीकाका, रेडिएटरमध्ये पाणी किती होतं?"

"तेच तर. थेंब नव्हता," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी रेडिएटरची खालची रबरी नळी उचलून दाखवली. तिला बोटभर चीर होती.

पाणी गळत गेले तेव्हा सर्वांत आधी कोरडे पडले ते सर्वांत उंचावरचे ठिकाण, हेडचे पुढचे टोक, आणि बल्ब नेमका तेथेच. त्याच्याभोवती आता पाणी नव्हते, हवा आणि थोडी वाफ होती. पाणी संवेदकाला बिलगून आपली उष्णता झपाट्याने त्याला देते. हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या मानाने फारच थोडी, सुमारे पंचविसावा हिस्सा. त्यातून पाणी फिरणेच बंद झाले, म्हणजे मागच्या तापलेल्या सिलिंडरांची खबर पुढे आणणारा दूतच राहिला नाही. बल्ब आपल्या भोवतालचे तापमान प्रामाणिकपणे सांगत होता. पण ते भोवताल इंजिनाचे नव्हते. काटा खाली उतरत गेला आणि चालकाला वाटले, हवा लागली. म्हणून मुरलेले चालक चढता काटा पाहून जितके सावध होतात, तितकेच भार घेऊन पळणाऱ्या गाडीचा काटा विनाकारण उतरू लागला तरी होतात. ते गाडी बाजूला घेतात, इंजिन बंद करतात आणि थांबतात. झाकण मात्र लगेच उघडत नाहीत. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते. बाहेरच्यापेक्षा अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब असला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. झाकण काढताच दाब जातो, तापलेले पाणी एकदम उकळून उसळते व हात-तोंड भाजते.

हा प्रकार वर्गात करून पाहता येतो. भंगारवाल्याकडून किंवा गॅरेजमधून जुना तापमान बल्ब आणा. तो मिळाला नाही तर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून थर्मिस्टर घ्या. शिवाय ओहम मोजणारा मल्टिमीटर आणि प्रयोगशाळेतील तापमापी हवी. मल्टिमीटरची एक तार बल्बच्या डोक्यावरच्या टोकाला व दुसरी त्याच्या पितळी अंगाला जोडा. चंचुपात्रात पाणी तापवा आणि बल्बचे बोंड तेवढे पाण्यात बुडवून ४० अंशांपासून ९० अंशांपर्यंत दर दहा अंशांना रोध नोंदवा. घाई करू नका, प्रत्येक वाचनापूर्वी आकडा स्थिर होऊ द्या. आलेख काढा. त्यानंतर ९० अंशांच्या पाण्यातून बल्ब बोटभर वर उचला व पात्रातच, पाण्याच्या पृष्ठभागावर, हवेत धरा. दर अर्ध्या मिनिटाने रोध लिहा आणि आलेखावरून त्याचे तापमान वाचा. खालचे पाणी तितकेच तापलेले असेल, बल्ब मात्र दुसरेच काही सांगू लागेल. शिक्षकांनी जवळ उभे राहावे. तापलेले पात्र आणि मुलांचे कोपर यांची गाठ फार लवकर पडते.

ट्रकवरचे संवेदक पाहायला जायचे असेल तर मालकाची परवानगी घ्या, इंजिन बंद व थंड असू द्या, चाकांना ओट लावलेली आहे ना ते पाहा, आणि गाडीखाली शिरू नका. एवढे सांभाळून एक कोरा कागद घ्या, त्यावर इंजिन, टाकी, गियरबॉक्स व हवेच्या टाक्या यांच्या चौकटी काढा आणि सापडलेला प्रत्येक संवेदक त्याच्या जागी मांडा. कोणत्या तारेचे दुसरे टोक कोठे जाते तेही दाखवा. आमच्या मुलांना त्या दिवशी सात सापडले. आठवा, हवेच्या टाकीवरचा, मिस्त्रींनी दाखवला. त्याच्यावर इतका चिखल होता की तो टाकीचाच एक बोल्ट वाटत होता, आणि त्याची तार कोणीतरी कधीच कापून ठेवलेली होती.

त्या मालकाने हेड बदलले, नवे गॅस्केट घातले, दोन पिस्टन व त्यांचे लायनर टाकले. बल्ब जुनाच ठेवला. पण रेडिएटरच्या वरच्या पाणपेटीत मिस्त्रींनी त्याला एक छोटी भर घालून दिली : एक उभी पितळी सळई, भोवती रबराचे बूच, आणि तिला जोडलेला एक दिवा. पाणी सळईला टेकलेले असेपर्यंत दिवा बंद, पाणी उतरले की दिवा चालू. साधे पाणी विजेचे फार कमकुवत वाहक आहे, तेव्हा त्यातून एवढासा प्रवाह जाऊन दिवा कसा काय चालूबंद होत असेल? एक ट्रान्झिस्टर आणि दोन रोधक एवढ्यावर ते जमते. मंडल कसे असेल ते काढून पाहा आणि तुमच्या शिक्षकांना दाखवा.